पायांच्या घामावर तुम्ही काय केलंत?

दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून मी मोजे बदलते, हे शाळेत आता सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळेच पालकसभा संपल्यावर एखादी आई मागे थांबते आणि हळू आवाजात विचारते, "बाई, माझ्या मुलीच्या तळव्यांनाही असंच पाणी सुटतं, तुम्ही काय केलंत?" उभ्याउभ्या दिलेले उत्तर पुरे पडत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून आज नीट लिहिते.

माझ्या माहेरी शहाबादी फरशी होती. अनवाणी चालले की तिच्यावर पाचही बोटांसकट ओले पाऊल उमटे, आणि ते वाळेपर्यंत मी कुठून कुठे गेले हे कोणालाही सांगता येई. हळदीकुंकवाला जाताना मी यजमानांच्या दारातल्या पायपुसण्यावर रेंगाळत असे. जिना उतरताना रबरी चपलेतून पाय पुढे निसटे. घरात कोणी टाकून बोलले नाही, पण समजूत एकच होती, की पोर घाबरट आहे. कारण रात्री मी झोपल्यावर आई पायांवर पांघरूण घाली, तेव्हा तेच तळवे कोरडे ठणठणीत असत. खरा आजार असता तर झोपेतही घाम आला असता, असा तिचा तर्क होता. मलाही तो पटला, आणि पंचविशी उलटेपर्यंत मी हे मनाच्या दुबळेपणाचे लक्षण समजत राहिले, याची हळहळ अजून वाटते.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो झोपेतल्या घामाचा. दोन्ही पायांना सारखा येणारा, लहानपणी किंवा वयात येताना सुरू झालेला, झोपेत थांबणारा आणि बहुधा घरात आणखी कोणाला तरी असलेला घाम ही अतिघामाच्या विकाराची खूणच असते. आपल्या अंगावर साधारण 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात आणि तळहात व तळपाय येथे त्यांची दाटी सर्वाधिक असते. या विकारात ग्रंथी निरोगीच असतात. त्यांना चेतवणाऱ्या मज्जातंतूंकडून गरजेपेक्षा जास्त आज्ञा जातात. भीतीने घाम वाढतो हे खरे, पण घामामुळेच मुलीच्या मनात भीती बसते, हे मी स्वतःवरून सांगते. याउलट, मोठ्या वयात अंगभर आणि झोपेतही घाम येऊ लागला, तर थायरॉइड, मधुमेह, क्षय यांच्या तपासण्या कराव्या लागतात.

माझे उपचार 20 टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणाने सुरू झाले. त्यातला क्षार घर्मनलिकांच्या तोंडाशी बुचासारखा बसतो. पहिले पंधरा दिवस मला नुसती आग झाली, कारण पाय धुऊन मी ते लगेच लावत होते आणि ओल्या कातडीवर त्याचे आम्ल बनते. मग पंच्याने पाय टिपून, बोटांच्या बेचक्या पंख्याखाली पूर्ण वाळवून, निजताना ते लावू लागले आणि सकाळी धुऊ लागले. औषध तेच होते, पण गुण आता आला. लावण्याची ही रीत कोणी समजावून सांगत नाही, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

तरीही दिवसभर बुटांत राहणाऱ्या पायांना ते पुरले नाही, म्हणून आयन्टोफोरेसिस केले. दोन उथळ ट्रेमध्ये नळाचे पाणी घेऊन, त्यात तळवे बुडवून, 15 ते 20 मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह 20 मिनिटे सोडतात. मुंग्या येतात, भेग असेल तर चांगलेच झोंबते, म्हणून भेगेवर आधी व्हॅसलीन लावावे लागते. आठवड्यातून 3 वेळा बसत गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात फरशीवरचा ठसा पुसट झाला. आता आठवड्यातून एकदा बसते. खंड पडला की घाम परततो. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदरपणात हा उपचार घेऊ नये.

बोटॉक्सची इंजेक्शने तळव्यांना फार दुखतात आणि त्यांचा परिणाम काही महिनेच टिकतो, म्हणून मी ती घेतली नाहीत. पोटात घ्यायच्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. घामाची आज्ञा नेणारे मज्जातंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाठीला किंवा पोटाला घाम वाढू शकतो. मुलीसाठी तो विचार इतक्यात नकोच.

पावसाळ्यात मात्र तळव्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले आणि कुबट वास आला, तर पावडर थापत बसू नका; तो जिवाणूंचा संसर्ग असतो आणि लावायच्या प्रतिजैविकाने बरा होतो. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे एक पूर्ण वाळतो.

आणि आज रात्री ती गाढ झोपली की तिच्या तळव्यांना हात लावून पाहा. कोरडे लागले, तर डॉक्टरांना तेच आधी सांगा.