बोट उत्तरेला, त्वरण वायव्येला

अकरावीच्या मुलांना त्वरणाची, म्हणजे वेग ज्या दराने बदलतो त्याची, दिशा विचारली की बहुतेक जण गाडी जाते तिकडेच हात दाखवतात. माझ्याकडे गुहागरला शिकवणीला येणारी मुलं दाभोळच्या फेरीबोटीत कधी ना कधी बसलेली असतात, म्हणून हे गणित मी सरळ वाशिष्ठीच्या खाडीत नेऊन टाकतो.

धोपाव्याचा धक्का सोडून बोट आधी पूर्वेला, खाडीच्या आतल्या अंगाला, सेकंदाला ३ मीटर वेगाने चाललीय. मग ती वळते आणि २० सेकंदांनी नीट उत्तरेला, दाभोळच्या रोखाने, सेकंदाला ४ मीटर वेगाने जाते. (आकडे माझ्या सोयीचे, बोटवाल्यांना विचारायला जाऊ नका.) सरासरी त्वरण कुठल्या दिशेला?

पहिलं उत्तर ठरलेलं: चारातून तीन गेले, राहिला एक, भागिले वीस. आणि दिशा? ती धक्क्यावरच राहिली!

पूर्व ही एक्सची धन बाजू, उत्तर वायची. एक्स घटक आधी ३ होता, नंतर शून्य. बदल उणे ३. वाय घटक शून्याचा ४ झाला. बदल अधिक ४. वीसने भागलं की उणे ०.१५ आणि अधिक ०.२०. परिमाण, म्हणजे त्वरणाच्या बाणाची लांबी, ०.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. इथवर सगळे सुखरूप पोचतात.

घोळ पुढे आहे. मोबाइलवर वाय भागिले एक्स करून टॅन इन्व्हर्स (त्या भागाकारावरून कोन) काढला की उणे ५३ अंश येतात, म्हणजे आग्नेय. पण एक्स उणे आणि वाय अधिक, तर बाण दुसऱ्या चरणातच, म्हणजे आलेखाच्या डाव्या वरच्या भागातच हवा. त्या भागाकारात उणे चिन्ह वरचं की खालचं, हे यंत्राला कळत नाही. १८० मिळवा, १२७ अंश: पश्चिमेकडून उत्तरेला ५३, ढोबळमानाने वायव्य. बोट क्षणभरही समुद्राकडे गेली नाही, तरी त्वरणाचा बाण थोडा समुद्राकडे झुकलेलाच. पूर्वेचा वेग मारायचा तर पश्चिमेलाच ओढायला हवं ना.

पटत नसेल तर वळणावर मासळीवालीच्या पाटीतलं पाणी बघा. ते आग्नेयेकडच्या कडेला किंचित चढतं, त्वरणाच्या बरोबर उलट. किंचितच, कारण ०.२५ म्हणजे गुरुत्वत्वरणाचा जेमतेम चाळिसावा भाग.

वळायला २०ऐवजी ४० सेकंद लागले तर परिमाण निम्मं होतं, दिशा तीच राहते. मधे बोट कशी वळली, गचके खाल्ले की नाही, याच्याशीही सरासरीला देणंघेणं नाही.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबलच. त्यामुळे कोन काढण्याआधी दोन घटकांची चिन्हं बघून कागदावर बाण काढायचा, हा माझा हट्ट. दाभोळच्या धक्क्याला बोट थांबते तेव्हाचं त्वरण काढा म्हटलं तर एक्सचा बदल शून्य, आणि शून्याने भागायला गेलं की मोबाइल एरर दाखवतो. बाण काढणाऱ्याने तोवर ‘दक्षिण’ लिहून वही मिटलेली असते.