वायरचा पीळ: माझा अनुभव

आमच्या सांगलीच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. निवृत्त झाल्यापासून माझं सुतारकाम तिथेच चालतं. शेडमध्ये प्लगची जागा एकच, तीही दारापाशी. त्यामुळे करवत असो, रंधा असो की ड्रिल, सगळं एक्स्टेन्शनवर चालवायचं. अशा तीन वायरी होत्या आणि तिन्ही कोपऱ्यात एकमेकींत अडकून पडलेल्या असायच्या. काम सुरू करायचं म्हणजे आधी दहा मिनिटं गुंता सोडवायचा.

मी त्या लहानपणापासून पाहिलं तशाच गुंडाळायचो, पंजा ते कोपर, पंजा ते कोपर. वडील विहिरीचा दोर असाच गुंडाळायचे. दोराचं काही बिघडत नसे, वायरचं मात्र बिघडत होतं. जमिनीवर टाकली की ती सापासारखी वळायची, मध्येच गाठीसारखे मुरडे पडायचे. एका मुरड्यापाशी तर वायर हलवली की ड्रिल बंद-चालू व्हायचं. तिथे सोलून पाहिलं तर आतले तांब्याचे केस अर्धेअधिक तुटलेले.

तरीही मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मनावर घेतलं ते गेल्या उन्हाळ्यात. नातवाच्या टेबलासाठी सागवानाच्या फळ्या चिरत होतो. करवत 1400 वॉटची, म्हणजे जवळपास 6 अँपिअर. वायर 20 मीटरची, पण करवत दारापासून चार हातांवर. म्हणून लागेल तेवढीच सोडली आणि उरलेलं भेंडोळं टेबलाखाली भुशात पडू दिलं. तासाभराने जळकट वास आला. आधी वाटलं, पातं लाकडावर घासतंय. मशीन बंद केलं, तरी वास जाईना. दारातली पिन काढून भेंडोळ्याला हात लावला, तर आतले वेढे चटका बसण्याइतके गरम आणि प्लास्टिक मऊ होऊन एकमेकांना चिकटलेलं. भोवती कोरडा भुसा होता. अजून थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. ती वायर 0.75 चौरस मिलिमीटरची, म्हणजे आतल्या तांब्याच्या छेदाची जाडी तेवढी. वीज 20 मीटर जाते आणि तेवढीच परत येते, म्हणजे 40 मीटर तांबं, त्याचा अवरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण 1 ओहम. 6 अँपिअरला 6 × 6 × 1, म्हणजे 36 वॉट उष्णता झाली. जुन्या पिवळ्या 40 वॉटच्या बल्बएवढी! वायर जमिनीवर पसरलेली असेल तर ही उष्णता लांबीभर हवेत निघून जाते. भेंडोळ्यात आतल्या वेढ्यांना हवाच लागत नाही, ऊब साठत राहते. वेटोळ्याचं चुंबक होऊन वायर तापते असंही काही जण सांगतात. ते खरं नाही, कारण जाणारी आणि येणारी वीज एकाच वायरमधून उलटसुलट वाहते आणि दोघींचा परिणाम एकमेकीला मारतो. तापते ती कोंडलेल्या उष्णतेने.

ती वायर तोडून टाकली आणि 2.5 चौरस मिलिमीटरची तीन-कोर (आत तीन तारा असलेली) वायर 15 मीटर आणली, 16 अँपिअरची पिन लावून. तोच भार, पण आता उष्णता 9 वॉटच्या आसपास. तरीही करवत लावायची असेल तर वायर पूर्ण उलगडतो, काम दोन हातांवर असलं तरी.

गुंडाळायचं मात्र गणपतीत शिकलो. कॉलनीच्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा संपला आणि साउंडवाल्याचा पोरगा माइकच्या लांबलचक वायरी आवरत होता. एक वेटोळं सरळ, एक उलटं, हात नुसते चालत होते. मी विचारलं तर त्याने तयार झालेली वायर टोक धरून मैदानात फेकली. सरळ रेषेत उलगडली, एकही मुरडा नाही. म्हणाला, “काका, कोपरावर नका गुंडाळू. प्रत्येक वेढ्याला एक पीळ बसतो. एक सुलटा, एक उलटा घ्या, पिळाला पीळ कटतो.”

पहिला वेढा नेहमीसारखा डाव्या मुठीत ठेवायचा. दुसऱ्या वेळी उजवा हात उलटा करून, अंगठा खाली ठेवून वायर पकडायची आणि हात सुलटा करत वेढा मुठीत द्यायचा, म्हणजे पुढची वायर वेढ्याच्या आतून निघते. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. मला आठवडा लागला. एक धोका आहे, सोडताना टोक वेटोळ्याच्या मधून गेलं तर ओळीने गाठी पडतात. म्हणून दोन्ही टोकं बाहेर ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधतो.

जुन्या दोन वायरींचा पीळ काढायला त्या भर दुपारी गच्चीवर लांब पसरल्या. ऊन लागून मऊ झाल्यावर एका टोकाकडून चिमटीत फिरवत पीळ दुसऱ्या मोकळ्या टोकापर्यंत नेला. तीन दुपारी लागल्या. मग तुटक्या मुरड्याची वायर तिथे कापून आखूड केली. टेप गुंडाळून ठेवण्यात अर्थ नव्हता.

आता तिन्ही भिंतीवर आहेत. खिळ्यावर टांगलं की वजनाने एकाच जागी वाक बसतो, म्हणून 4 इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याचे अर्धगोल तुकडे स्क्रूने ठोकलेत. प्रत्येकीवर चिकटपट्टी, लांबी आणि जाडी लिहून. वायरीच्या टोकाच्या प्लग-बोर्डाची भोकं जमिनीकडे, नाहीतर भुसा भरतो. एकदा पिन आत जाईना म्हणून पाहिलं तर कुंभारीण माशीने भोकात मातीचं घर केलेलं. तेव्हापासून भोकांवर कापडी टोपी घालतो.

परवा शेजारचा वेल्डिंगवाला जाड वायर घेऊन गेला. परत आली ती कोपरावर गुंडाळून. दुपारी गच्चीवर पसरली, पीळ काढला आणि संध्याकाळी त्याला बोलावून सुलटा-उलटा वेढा दाखवला. त्याला तो चौथ्या खेपेला जमला.