मग कर्तव्यं कोण शिकवणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही पहिले नाही. शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हमखास विचारतं, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, आमचे धाकटे दीर तर दर दिवाळीला विचारतात: "वहिनी, पोरांना हक्क शिकवता ते ठीक आहे, पण मग कर्तव्यं कोण शिकवणार?" आणि विचारताना चेहरा असा, जणू इतकी वर्षं शिकवूनही ही शंका मला कधी शिवलीच नसेल. एरवी मी हसून वेळ मारून नेते. आज नेत नाही.

आधी सोपं उत्तर देते. मुलं रोज परिपाठाला प्रतिज्ञा म्हणतात. पालकांचा, गुरुजनांचा, वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचं वचन त्यात रोज दिलं जातं. वर्ग मुलंच झाडतात. घरी गेल्यावर शेळ्या, सरपण, पाणी, धाकटी भावंडं. माझ्या वर्गातल्या मुलांना कर्तव्य ठाऊक नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी बालाघाटाच्या डोंगरातल्या आमच्या गावात एकदा सकाळी साडेपाचला येऊन बघावं.

कायद्याचंच बोलायचं तर राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यं 1976 मध्ये आली. तेव्हा ती दहा होती. अकरावं 2002 च्या दुरुस्तीनं आलं, आणि ते कुणाचं आहे? आईवडिलांचं. सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी द्यायची, हे ते कर्तव्य. म्हणजे कर्तव्यांची यादी शेवटपर्यंत वाचली तर तिथंही मुलाचा हक्कच भेटतो. संयुक्त राष्ट्रांनी 20 नोव्हेंबर 1989 ला मंजूर केलेल्या बालहक्क करारात कलम 29 आहे. शिक्षणानं मुलाच्या मनात आईवडिलांविषयी, आपल्या भाषेविषयी, संस्कृतीविषयी आदर निर्माण करावा, असं त्यात लिहिलंय. दीरांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, "हे तुम्ही शिकवत नसाल." शिकवते. आणि कलम 42 म्हणतं की हे हक्क मोठ्यांना आणि मुलांनाही माहीत करून देणं ही करार मानणाऱ्या देशाची जबाबदारी आहे. तेव्हा मी पोरांना बिघडवत नाही. देशानं दिलेला शब्द माझ्या वर्गापुरता पाळते.

आता खरं सांगायचं तर त्रास होतो. अपूर्णांकांची उदाहरणं फळ्यावर लिहिली की मागच्या बाकावरून कलम 31 ऐकू येतं: विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे, हे मुलांना सांगितलं, तेव्हा शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांची छडी कपाटावर असायची. मुलं ती दिसली की एकमेकांकडे बघून हसू लागली. हसायला नको होतं, हे मी मुलांना सांगितलंही. पण मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली आहे ही गोष्ट मुलांनी कायद्यातली शाळेच्या सुविधांची यादी हातात घेऊन मुख्याध्यापकांपुढे मांडली आणि आठ दिवसांत कडी बसली, तेव्हा "पोरं डोक्यावर बसली" असं कुणी म्हटलं नाही. तेव्हा सगळे "उपक्रमशील शाळा" म्हणाले.

एवढाच तुमचा प्रश्न असता तर मी चिडले नसते. त्यात एक टोमणा असतो, की हक्क शिकवून तुम्ही मोकळ्या होता आणि निस्तरायचं दुसऱ्यांना. तो मला लागतो, कारण त्याला एक चेहरा आहे.

सहावीत एक मुलगा होता. दसरा झाला होता, गावात ऊस तोडायला जाणाऱ्या टोळ्या बांधायचं चालू होतं. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन झालेले, कुणाचा कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, कुठल्या साखर कारखान्याला हेही ठरलेलं. याच्या घरचे कोल्हापूरकडं जाणार होते. आधीचे दोन हंगाम तो बरोबर गेला होता. आईबाप पहाटे अंधारात उसाच्या फडात जायचे, हा कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, थांबून पाणी भरायचा, भाकरी थापायला शिकला होता, भावंडं सांभाळायचा. कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस शाळा भरली पाहिजे. गाळपाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. वजाबाकी त्याला येत होती.

वर्गात शिक्षणाचा हक्क झाला, त्यानंतर बालहक्क करारातलं कलम 12 झालं, म्हणजे स्वतःविषयीच्या निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं. हा मुलगा तासाला एक शब्द बोलला नाही. त्या रात्री घरी मात्र बोलला. मी येत नाही, शाळा हा माझा हक्क आहे, म्याडमनी सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आईबाप दोघं शाळेत आले. मला वाटलं होतं भांडण होईल. मी तयारीही केली होती, कायद्याची प्रत टेबलावर काढून ठेवली होती. पण वडील भांडायला आलेच नव्हते. ते खुर्चीवर बसले नाहीत, दाराशी टेकले. म्हणाले, "म्याडम, पोरगं ऱ्हातो म्हनतंय, ऱ्हाऊ द्या. शिकंल तर शिकंल. म्हातारी हाय घरी, एकाचं करील ती. पर बारक्याला कोन बघंल?"

बारकं आठ महिन्यांचं होतं, आईच्या कडेवर. मी हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, थोरला आणि मधली दोघं राहू द्या म्हटलं. वसतिगृह सुरू व्हायचं होतं, मंजुरीचा कागद यायचा होता. वडील म्हणाले, "ती दोघं ऱ्हातील. मग ह्याला फडात पाचटावर ठिऊ का? तितं ट्रॅक्टर मागंपुढं व्हत असतेत." आई म्हणाली, मी थांबले तर अर्धा कोयता, उचल कशी फिटंल? एक दिवस घरी बसलं तरी खाडा म्हणून पैसे कापतात. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. हिशेब सांगत होती. माझ्याकडे त्या हिशेबाला उत्तर नव्हतं, फक्त टेबलावरची प्रत होती.

मधली चौथीत होती. आईच्या मागं उभी होती. मी तिला पुढं बोलावलं आणि विचारलं, तुला काय वाटतं? विचारलं, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं अनेकांनी मला म्हटलं की त्या पोरीला कुणी विचारलं का. तिनं ताबडतोब उत्तर दिलं. "मी जाते की. बारका माझ्याजवळच ऱ्हातो."

घ्या. कर्तव्य कोण शिकवणार म्हणता? नऊ वर्षांच्या मुलीला ते इतकं पाठ होतं, की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. तिला कुणी कलम वाचून दाखवलं नव्हतं. तिचं म्हणणं ऐकून घेतलं होतं, तेव्हा कलम 12 चं पालनही झालं. सगळं रीतसर. मी तिच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे तिकडच्या कुठल्याही शाळेत बसता यावं. वडिलांनी ते दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि आईनं कापडात गुंडाळलं. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत राहते, आणि शाळा असते तिथंच असते. ती तिकडं एकही दिवस शाळेत बसली नाही. बसली असती, तर बारक्याला घेऊनच बसली असती.

हंगाम संपून पट्टा पडल्यावर परत आली तेव्हा भागाकार विसरली होती. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्यांचा हिशेब मात्र तोंडी करत होती. पुढच्या हंगामालाही तीच गेली.

थोरला शिकतोय, चांगला शिकतोय. हे मी सांगते तेव्हा एक सहकारी म्हणतात, "बघा, एकाला हक्क दिलात आणि ओझं धाकटीवर टाकलंत." ओझं मी टाकलं? ते आधीपासून होतं, फक्त खांदा बदलला. हे उत्तर मी ही दोन वर्षं देत आले. तोंडावर बिनतोड वाटतं, रात्री तितकं वाटत नाही. कारण खांदा बदलताना तो लहान झाला, आणि बदलण्याचं निमित्त माझा तास होता. मग तास घ्यायचा नव्हता का? मुलानं गप्प बसून फडावर जायला हवं होतं? तेही म्हणवत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी म्हणायचे, हक्क कळला की अर्धी लढाई जिंकली. आज त्या बाईला विचारावंसं वाटतं, उरलेली अर्धी कुणी लढायची, चौथीतल्या पोरीनं?

त्याच काळात मी शाहू महाराजांची गोष्ट फार आवडीनं सांगायचे. 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलं शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. मुलं टाळ्या वाजवत. आता ही गोष्ट सांगताना अडखळते. त्याच कोल्हापूरकडच्या फडात ही पोरगी भाऊ सांभाळत होती. दंड कुणाला करू? दाराशी टेकलेल्या त्या माणसाला? मुकादम त्याच्या घरच्या उचलीचा हिशेब दाखवेल, कारखाना मुकादमाशी झालेला करार दाखवेल. बालकामगार कायदा 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना हातभार लावू देतो. आणि भाऊ सांभाळणं हे काम आहे असं तर कुणाच्याच वहीत लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी मुलांना सांगत नाही, तुम्हाला सांगते. भारतानं बालहक्क करार 11 डिसेंबर 1992 ला स्वीकारला तेव्हा कलम 32 बद्दल, म्हणजे मुलांच्या श्रमाच्या शोषणाबद्दल, सोबत एक निवेदन जोडलं: हे टप्प्याटप्प्यानं करू, कामाच्या प्रत्येक क्षेत्रात किमान वय लगेच ठरवणं व्यवहार्य नाही. देशाला "हळूहळू करतो" म्हणता येतं. पोरीनं "बारक्याला हळूहळू सांभाळते" म्हटलं असतं तर?

तरी एक मजा सांगते. एका उन्हाळ्यात थोरला तिचे पाढे घेत होता आणि चुकली म्हणून त्यानं तिला चापट मारली. ती तडक माझ्या घरी. "म्याडम, मारायचं न्हाई असा कायदा हाय ना? ह्यानंच सांगितलंय मला." कायदा शाळेपुरता आहे, भावांना लागू नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता हा पाठ मी दसऱ्याच्या कितीतरी आधी घेते, आणि मुलांआधी शाळा व्यवस्थापन समितीत घेते. समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. आमच्याकडे त्यातले बरेचसे दिवाळीनंतर फडात असतात, त्यामुळे नेमक्या त्या महिन्यांत बैठकीला माणसं जमत नाहीत. पण गावात असतात तोवर ऐकतात, भांडतात, आणि ते भांडण मुलानं एकट्यानं घरी करण्यापेक्षा बरं.

मधली यंदा सहावीत, माझ्याच वर्गात आहे. कलम 12 आलं तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मला विचारलं होतं तुम्ही. मी जाते म्हनले." वर्गात वाद पेटला. निम्मे म्हणाले, तिला विचारलं म्हणजे झालं. निम्मे म्हणाले, दुसरं उत्तर देता येतच नसेल तर विचारलं कसलं? तिला या दुसऱ्या निम्म्यांचा राग आला. ती म्हणाली, पुन्हा विचारलं तरी मी हेच सांगीन, बारका एकटा पडला असता. मी म्हटलं, मला पटत नाही. तिलाही माझं पटलं नाही.

मग तिनं तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली. खाली स्वतःचं नावही लिहिलं. "टोळीसंगं अंगणवाडीच्या ताई का जात नाहीत?" ती चिठ्ठी मी समितीपुढे ठेवली. वर पाठवायचं ठरलं आहे. कुणाकडे पाठवायची, यावर अजून एकमत झालेलं नाही.