न्यू जर्सीत पहिलं घर : एजंट कुणाच्या बाजूची?

२०२५ च्या एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं एका घराच्या दारात उभे होतो आणि दार उघडायला आलेला एजंट आधी सही मागत होता. त्याच्या हातात टॅब्लेट, त्यावर सहा पानांचा करार. घर आम्ही अजून आतून पाहिलंही नव्हतं. करारात लिहिलं होतं, की पुढचे सहा महिने आम्ही न्यू जर्सीत कुठेही घर घेतलं तरी आमचा एजंट तोच, आणि त्याचं कमिशन तीन टक्के. "हे सगळ्यांनाच करावं लागतं, नियमच आहे," तो म्हणाला. आम्ही सही न करता परत फिरलो. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. फसता फसता वाचलो की चांगलं घर हातचं गेलं, हेच कळत नव्हतं.

घरी येऊन वाचत बसले तेव्हा उलगडलं, की तो अर्धं खरं बोलत होता. अमेरिकेत वर्षानुवर्षं पद्धत अशी होती : विकणारा साधारण पाच-सहा टक्के कमिशन आपल्या एजंटला द्यायचा आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा घेणाऱ्याच्या एजंटकडे जायचा. घेणाऱ्याला वाटायचं, आपल्याला एजंट फुकटात मिळाला. पण घरासाठी पैसे मोजणारा तोच, म्हणजे ते कमिशनही शेवटी त्याच्याच पैशांतून निघायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत एका ज्युरीने या पद्धतीविरुद्ध निकाल दिला. पुढे नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या देशव्यापी संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून संघटनेचे नियम बदलले. आता एजंटने घर दाखवायच्या आधी घेणाऱ्याशी लेखी करार करायचा, त्यात आपला मोबदला नेमका लिहायचा आणि त्याहून जास्त कुणाकडूनही घ्यायचा नाही. करार हवा, हे खरंच. पण तो सहा महिन्यांचा हवा किंवा तीन टक्क्यांचा हवा, असं कुठेही नाही. उलट कमिशन कायद्याने ठरलेलं नाही, त्यावर घासाघीस करता येते, हे करारातच ठळकपणे लिहावं लागतं.

एवढं वाचूनही आम्ही दुसरी चूक केलीच. एजंटच नको म्हणून ओपन हाउस पाहायला लागलो. तिथे करार लागत नाही, रविवारी दुपारी दार उघडं असतं, कुणीही आत जावं. हिल्सबरोतल्या एका घरात स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाई फार आपुलकीने बोलल्या. मुलगी कितवीत आहे, नोकरी कुठे, सध्या कुठे राहता. बोलता बोलता नवऱ्याने सांगून टाकलं, की बँकेने साडेसहा लाख डॉलरपर्यंतचं प्री-अप्रूव्हल, म्हणजे कर्जाला आधीच होकार, दिलाय आणि जूनअखेर आमचा भाड्याचा करार संपतोय. आम्ही त्या बाईंमार्फतच सहा लाख दहा हजारांची ऑफर दिली. उलट निरोप आला, बरोबर सहा लाख पन्नास हजार. बाईंनी काही गैर केलं असं मी म्हणणार नाही. त्या विकणाऱ्याच्या एजंट होत्या आणि विकणाऱ्याचं हित पाहणं हेच त्यांचं काम. लिस्टिंगवर, म्हणजे घराच्या विक्रीच्या जाहिरातीवर, जो फोन नंबर असतो, ओपन हाउसमध्ये जे माणूस हसून स्वागत करतं, ते आपलं नसतं, हे आधी कळायला हवं होतं.

तिसऱ्या खेपेला जी एजंट भेटली तिने घरांचा विषय काढलाच नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर तिने आधी एक कागद ठेवला. न्यू जर्सीत एजंटने सुरुवातीलाच हा कागद ग्राहकाला द्यायचा असतो, कन्झ्युमर इन्फर्मेशन स्टेटमेंट. एजंटचं नातं कुणाशी कसं असू शकतं, ते त्यात लिहिलेलं असतं. एजंट विकणाऱ्याचा असू शकतो, घेणाऱ्याचा असू शकतो, दोघांच्या लेखी संमतीने दोघांचा असू शकतो, किंवा कुणाचाच नाही, फक्त व्यवहार जुळवून देणारा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत ती वाचत गेली. मग म्हणाली, "मी तुमच्या बाजूची. पण आमच्याच ऑफिसकडे विकायला आलेलं घर तुम्हाला आवडलं तर आमचं ऑफिस दोघांचं होतं. मग किती पैसे द्यावेत याबद्दल मी तुम्हाला मोकळेपणाने सांगू शकणार नाही. तसं झालं तर त्या घरापुरता दुसरा एजंट घ्या."

आपण मराठीत दलाल म्हटलं की दोन्हीकडून घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे ती शंका मनात ठेवायची नसते, विचारायची असते, आणि तिचं उत्तर कागदावर मिळतं. मला हे मनापासून आवडलं.

करार आम्ही तीस दिवसांचा केला, तोही फक्त सॉमरसेट आणि मिडलसेक्स या दोन काउंटींपुरता, म्हणजे जिल्ह्यांपुरता. लेखी कळवून कधीही मोडता येईल असं एक वाक्य घालून घेतलं. कमिशन अडीच टक्के. सहा लाखांच्या घरावर पंधरा हजार डॉलर होतात, हे तिने स्वतःच कागदाच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं. ऑफर देताना हे पैसे विकणाऱ्याने द्यावेत अशी मागणी करायची, आणि तो कमी देईल तर उरलेले आम्ही द्यायचे. "तेवढी रक्कम डाउन पेमेंटपासून वेगळी बाजूला ठेवा," हा तिचा पहिला सल्ला. तिच्या पोटावर पाय येऊ शकेल असा आकडा तिने आधी दाखवला, म्हणून माझा विश्वास बसला.

यानंतरचा प्रसंग मात्र मला लागला होता. आम्हाला आपली माणसं आसपास हवी होती. मुलीला मराठी कानावर पडावं, अडीअडचणीला कुणाचं दार वाजवता यावं, एवढंच. मी सहज विचारलं, "या भागात भारतीय कुटुंबं आहेत का?" ती थांबली. म्हणाली, "या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही." मग मी विचारलं, बरं, वस्ती चांगली आहे का? त्यालाही तिने तेच उत्तर दिलं. पैसे घेणारी बाई एवढंही सांगत नाही, याचा मला राग आला.

कारण तिने दुसऱ्या दिवशी शांतपणे समजावलं. १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात, इथे फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट झाला. वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून कुणाला घर नाकारायचं नाही. पुढे त्यात स्त्री-पुरुष भेद, अपंगत्व आणि लहान मुलं असलेली कुटुंबं हेही आलं. हा कायदा होण्याआधी एजंट काय करायचे, तर गोऱ्या गिऱ्हाइकाला एका वस्तीत न्यायचे आणि काळ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या. उघड नकार नाही, नुसतं गाडीचं चाक वळवायचं. त्याला स्टीअरिंगच म्हणतात. "तुमचा हेतू मला कळतो," ती म्हणाली, "पण उद्या दुसरं कुणी येऊन विचारेल, या गल्लीत भारतीय जास्त आहेत का, आणि त्याला ते नको असतील. मी तुम्हाला उत्तर दिलं तर त्यालाही द्यावं लागेल."

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. आमच्या नावावरून, आमच्या रंगावरून कुणाला तरी आमच्या गल्लीत घर नको असेल, हा विचार मी तोवर केलाच नव्हता. माझ्या प्रश्नापुढे ती गप्प राहिली, तशीच त्या माणसापुढेही गप्प राहणार होती. आणि तिथे ती आमच्यासाठी गप्प राहणार होती.

उत्तर आम्ही आमचं आम्ही शोधायचं, असं तिने सुचवलं. शाळांसाठी राज्याच्या शिक्षण खात्याचे दरवर्षीचे शाळानिहाय अहवाल बघा. बाकीच्यासाठी मंगळवारी संध्याकाळी जाऊन बसा, शनिवारी नको, शनिवारी सगळ्याच गल्ल्या छान दिसतात. आम्ही खरंच तसं केलं. एका बागेत बाकावर दीड तास बसलो. मुलगी झोपाळ्यावर होती. शेजारच्या झोपाळ्यामागे एक आजोबा उभे होते आणि नातवाला मराठीत म्हणत होते, "घट्ट धर, घट्ट धर." मला दुसरं काही विचारायचं उरलं नाही.

माणसांबद्दल गप्प राहणारी ही बाई घराबद्दल मात्र बोलायची थांबत नसे. कुठल्याही घरी गेलं की ती आधी आत जायची नाही, बाहेरून एक फेरी मारायची. १९५८ साली बांधलेल्या एका घराच्या मागच्या भिंतीशी ती वाकली आणि झुडपाची पानं बाजूला करून मला दाखवलं : जमिनीतून वीतभर वर आलेला गंजका पाइप, वर टोपण. मग बेसमेंटमध्ये उतरून त्याच बाजूच्या भिंतीवर बॅटरी मारली. तिथे तांब्याच्या दोन बारीक नळ्या चेपून बंद केलेल्या. पूर्वी इथली बरीच घरं तेलावर तापवली जायची आणि तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, टाकी तिथेच राहिली. ती गंजून तेल मातीत झिरपलं तर साफसफाईची जबाबदारी घराच्या मालकावर येते, खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो, आणि घराचा विमा बहुधा तो देत नाही. ऑफर द्यायचीच असेल तर जमिनीची तपासणी करून घेण्याची अट घाला, ती म्हणाली. स्वयंपाकघर मला फार आवडलं होतं. तरी आम्ही ते घर सोडलं.

मॅनव्हिलमधल्या एका स्वस्त घराच्या बेसमेंटला नुकताच रंग दिला होता. तिने भिंतीला हात लावून विचारलं, "इडाच्या वेळी इथे पाणी किती होतं?" १ सप्टेंबर २०२१ ला इडा वादळाच्या पावसात रॅरिटन नदीचं पाणी त्या गावात शिरलं होतं. समोरच्या एजंटने आकडा सांगितला नाही, आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तीन ऑफर वाया गेल्या. त्यांतल्या एका वेळी आमच्यापेक्षा कमी पैसे देणाऱ्याला घर मिळालं, कारण त्याने इन्स्पेक्शनची, म्हणजे आधी घर तपासून घ्यायची, अट सोडून दिली होती. आम्हीही सोडू म्हणालो. ती म्हणाली, निर्णय तुमचा, सांगाल तसं लिहीन, पण त्या तेलाच्या पाइपची आठवण ठेवा. आम्ही अट ठेवली.

इथे एक गोष्ट मला सांगायलाच हवी. घेणाऱ्याच्या एजंटला किमतीच्या टक्क्यांत पैसे मिळावेत, हे मला आजही पटत नाही. आपण जितके जास्त देऊ तितकं तिचं जास्त, आणि व्यवहार झाला नाही तर तिची सगळी मेहनत वाया. माणूस कितीही सरळ असला तरी पद्धत त्याला चुकीच्या बाजूला ओढते. ठरावीक रकमेवर काम करणारे एजंटही असतात. पुन्हा घर घ्यायची वेळ आली तर मी आधी ते विचारेन. आमच्या एजंटलाही मी हे तोंडावर बोलले. ती रागावली नाही. "म्हणूनच तुमचा वरचा आकडा घर बघायच्या आधी लिहून ठेवा आणि त्या दिवशी मलाही तो वाढवू देऊ नका," म्हणाली. चौथ्या ऑफरच्या वेळी आम्ही लिहिलेला आकडा सहा लाख पंधरा हजार होता. नवरा रात्री दहा वाजता सहा-वीस म्हणाला, तर तिने आम्हाला त्या आकड्याची आठवण करून दिली. सहा-पंधरालाच घर मिळालं.

नंतरचं काम मुख्यतः वकिलाचं. न्यू जर्सीत दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावर कामकाजाचे तीन दिवस वकिलांना करार तपासायला मिळतात, आणि त्या काळात कुणीही वकिलामार्फत मागे फिरू शकतं. ते तीन दिवस फार लांब गेले. इन्स्पेक्शनमध्ये बेसमेंटच्या हवेत रेडॉन निघाला. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो. हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी (हे किरणोत्सर्गाचं माप) किंवा त्याहून जास्त असला तर उपाय करा, असं इथली पर्यावरण संस्था सांगते. आमच्याकडे ६.२ होता. विकणाऱ्याने आपल्या खर्चाने जमिनीखालची हवा ओढून छपरावर सोडणारा पाइप आणि पंखा बसवून द्यावा, हे तिने लेखी मान्य करून घेतलं.

क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या सह्यांच्या, आधी कामकाजाचे तीन दिवस बँकेकडून सगळ्या खर्चाचा तक्ता मिळतो. त्यात तिचे १५,३७५ डॉलर होते. विकणाऱ्याने दोन टक्के मान्य केले होते, म्हणजे १२,३०० त्याचे आणि ३,०७५ आमचे. बाजूला ठेवलेल्या पैशांतून ते भागले.

सह्यांच्या दिवशी सकाळी रिकामं घर शेवटचं बघायला गेलो. तिने प्रत्येक नळ सोडला, शेगडीचे चारही बर्नर पेटवले, फ्लश ओढले. मग बेसमेंटमध्ये मला त्या नव्या पाइपपाशी नेलं. त्यावर यू आकाराची एक लहान नळी लावलेली असते, आत लाल द्रव. "दोन्ही बाजूंची पातळी वेगळी दिसली म्हणजे पंखा ओढतोय. सारखी दिसली तर ज्याने बसवला त्याला त्याच दिवशी बोलवा." आणि पातळी मला नीट दिसावी म्हणून तिने फोनचा उजेड नळीवर धरला. आता धुणं टाकायला खाली गेले की मी आधी त्या नळीकडे बघते.