विंडोज ११ हलके करताना

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ सोबत गेम आणि ठरावीक मुदतीपुरती दिलेली सॉफ्टवेअर आलेली असतात आणि ती काढून टाकावीशी वाटणे रास्तच आहे. मात्र त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मधून रिस्टोअर पॉइंट तयार करावा. रिस्टोअर पॉइंट सिस्टिमच्या फायली व रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) पूर्वपदावर आणतो, आपले फोटो आणि कागदपत्रे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

सुरुवात टास्क मॅनेजरपासून करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ उघडले की कोणते अ‍ॅप संगणक सुरू होताना किती भार टाकते ते दिसते. तिथे ‘डिसेबल’ केलेले अ‍ॅप केव्हाही परत चालू करता येते, म्हणून हा उपाय मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

खरी काळजी घ्यायची ती विंडोजचे घटक साठवणाऱ्या विनएसएक्सएस (WinSxS) फोल्डरबाबत. त्याचा आकार अनेक जीबी दिसतो, परंतु हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकच फाइल एकाहून अधिक ठिकाणी दिसत असल्यामुळे, त्यातील बऱ्याच फायली दोनदा मोजल्या जातात. तो हाताने पुसल्यास संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. जुने घटक ‘डिस्क क्लीनअप’मधील विंडोज अपडेटच्या पर्यायानेच काढावेत. रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर आणि न वाचता चालवलेल्या स्क्रिप्ट (आज्ञांच्या तयार फायली) मी कोणालाही सुचवत नाही. डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) आणि अपडेट बंद करून वेग मिळवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. एका वेळी एकच बदल करावा, रीस्टार्ट करून वाय-फाय, प्रिंटर आणि आवाज तपासावा आणि मगच पुढच्या गोष्टीला हात घालावा.