मोनोलिथची कार्डं

महाशिवरात्रीला सकाळी सिद्धेश्वराच्या रांगेत उभा होतो. एका हातात बेलाची पानं, दुसऱ्या हातात मोबाइल. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती म्हणून बातम्या चाळत होतो आणि तिथंच ते वाचलं. वॉर्नर ब्रदर्सनं मोनोलिथ प्रॉडक्शन्स हा व्हिडिओ गेम बनवणारा स्टुडिओ बंद केला. सोबत आणखी दोन स्टुडिओ बंद, आणि मोनोलिथ जो वंडर वुमनचा गेम करत होता तोही रद्द. मी तसाच थांबलो. पुढं जागा रिकामी झालेली कळलीच नाही. मागच्या आजी म्हणाल्या, "सरक की बाळा पुढं, देवाच्या दारात काय बघत बसलास त्यात?"

दर्शन झालं, घरी आलो, साबुदाण्याची खिचडी खाल्ली. पण दिवसभर मन लागलं नाही. आठवडा झाला तरी तेच चाललंय, म्हणून लिहायला बसलोय.

माझं काम चादरीच्या डिझाइनचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चार-पाच कारखान्यांना मी जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राची, डिझाइनं करून देतो. हेच काम नायना हातानं करायचे. (आमच्या घरात तेलुगू बोलतात, वडिलांना आम्ही नायना म्हणतो.) ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा आणि मग पंचिंग मशीनवर बसून त्याची कार्डं पाडायची. बाण्याच्या (आडव्या) एका धाग्याला एक कार्ड. कार्डाला जिथं भोक, तिथं हुक वर जातो आणि ताण्याचा (उभा) धागा उचलतो. भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. एवढ्याच दोन गोष्टींवर सोलापूरच्या चादरीवर मोर उभा राहतो. मी आता संगणकावर करतो, पण चौकोन तेच आहेत.

संगणक मला दाखवला तो कन्ना चौकाजवळच्या एका क्लासनं. साल २००१, मी तेरा वर्षांचा. अम्मा विड्या वळायची. त्या विड्यांच्या पैशातून तिनं माझी फी भरली होती आणि मी तिथं शिकायचं सोडून जास्त वेळ 'क्लॉ' खेळायचो. प्रॅक्टिकल झाल्यावर सर शेवटची पंधरा मिनिटं मोकळी सोडायचे. एका मशीनवर आम्ही चौघं. मांजर समुद्री चाचा, कॅप्टन क्लॉ, तुरुंगातून सुटतो आणि नऊ जन्म देणाऱ्या ताईताची रत्नं शोधत निघतो. दिसायला कार्टून, पण खेळायला महाकठीण. उडी बोटभर चुकली की खाली खिळे. चौघांत मिळून रोज जेमतेम एक-दोन टप्पे पुढं सरकायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या तुरुंगापासून, कारण सकाळच्या बॅचमधलं कुणीतरी आमचा सेव्ह पुसून टाकलेला असायचा. मग कुणीतरी चीट आणली. खेळता खेळता एमपीएफएलवाय असं टाइप केलं की मांजर उडायला लागतं. त्यातलं 'एमपी' कशाचं असेल याचा तेव्हा विचार केला नाही. परवा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं, मोनोलिथ प्रॉडक्शन्स. दुसरं काय असणार?

गेम सुरू होताना त्यांचं नाव यायचं, ते मी पाठ केलं होतं. त्या वयात सिनेमा कुणी काढला हेही आम्ही बघत नव्हतो. पण नायना दुसऱ्याची चादर हातात आली की आधी उलटी करून बघायचे. "हे अमक्याचं पंचिंग आहे, काठ बघ" म्हणायचे. चादरीवर त्या माणसाचं नाव कुठंच नसायचं, लेबल कारखान्याचं. तरी यांना हात ओळखू यायचा. मला गेममध्ये तसं नाव वाचायची सवय लागली ती तिथून.

दुसऱ्यांदा तो हात ओळखला २००७ मध्ये. तोवर माझा स्वतःचा जुना, जोडाजोड केलेला पीसी होता आणि त्यात मित्राकडून उसनं आणलेलं ग्राफिक्स कार्ड. त्यावर मोनोलिथचाच 'फिअर' हा गेम चालवला. भारनियमनाचे दिवस होते, वीज जायच्या आत एखादा मजला पार करायची घाई. त्यातल्या लाल फ्रॉकातल्या भुताच्या पोरीची भीती सगळ्यांनी सांगितली होती, मला भीती वाटली ती सैनिकांची. मी टेबलामागं लपलो तर ते समोरून येतच नसत. एकजण ओरडायचा, दुसरा उत्तर द्यायचा, आणि तिसरा बाजूच्या दारातून माझ्या पाठीशी. मला खरंच वाटायचं की हे आपसात बोलून ठरवतायत.

त्यामागची गोष्ट बरीच नंतर वाचली. ते डोकं जेफ ऑर्किन या प्रोग्रामरचं. २००६ साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यानं सगळं उघड करून मांडलं. सैनिकाला फक्त तीन अवस्था. एखाद्या जागी जा, एखादी हालचाल कर, एखादी वस्तू वापर. बाकी कुठून जायचं, काय आधी करायचं, हे प्रत्येक सैनिक आपलं आपण जुळवतो. तीन दिशांनी घेरायचा मोठा डाव कुणी रचलेलाच नसतो. जो तो आपापल्यापुरता आडोसा शोधत असतो, त्यातून घेरल्यासारखं होतं, आणि वर ते ओरडतात म्हणून खेळणाऱ्याला वाटतं की डाव आहे. हे वाचलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. भोक आहे, भोक नाही, एवढ्यावर मोर. तसंच हे. आणि त्या माणसानं ते लपवून ठेवलं नाही, साऱ्या जगाला सांगितलं. आजही गेम बनवणारे त्यावरून शिकतात.

आता 'शॅडो ऑफ मॉर्डॉर'. तो आला २०१४ मध्ये, मी खेळलो पुढच्या वर्षी, लग्नाच्या आधी. यात त्यांनी नेमेसिस नावाची रचना केली होती. शत्रूच्या फौजेत एखाद्या साध्या ऑर्कनं (राक्षसी सैनिकानं) तुम्हाला मारलं तर तो बढती मिळवून कप्तान होतो, त्याला नाव मिळतं, आणि पुन्हा भेटल्यावर मागची भेट तुमच्या तोंडावर काढतो. तुम्ही त्याला जाळलं आणि तो वाचला, तर पुढच्या वेळी तोंड भाजलेलं घेऊन येतो. माझ्या गेममधला एकजण मी तीनदा मारला. तिन्ही वेळा परत आला. शेवटी आला तेव्हा अर्ध्या डोक्यावर लोखंडी पत्रा ठोकलेला होता. हा माझा ऑर्क. माझ्या मित्राच्या गेममध्ये तो नाहीच, त्याच्याकडं वेगळा. जगात कुणाच्याच मशीनवर तो नसेल, कारण तो माझ्या आणि त्या ऑर्कच्या भांडणातून तयार झाला. मी हे नायनांना सांगितलं होतं तेव्हा. त्यांना गेम कळत नाही, पण म्हणाले, "म्हणजे प्रत्येकाला वेगळा मोर?" अगदी तेच.

पुढचा भाग, २०१७ चा, मला तेवढा आवडला नाही. त्यात पैसे देऊन ऑर्कच्या पेट्या विकत घ्यायची सोय होती. लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०१८ मध्ये ती काढली. काढली हे बरं केलं, पण मुळात घालायलाच नको होती. मग २०२१ च्या डिसेंबरात वंडर वुमन जाहीर झाला, त्यातही नेमेसिस असणार म्हणून सांगितलं होतं. मी वाट बघत होतो. तीन वर्षं वाट बघितली.

आणि आता ते सांगतो ज्यानं मला आठवडाभर झोपू दिलं नाही. नेमेसिसचं पेटंट आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंजूर झालं आणि २०३६ पर्यंत चालणार आहे. मालक वॉर्नर. ज्यांनी ते घडवलं त्यांचा स्टुडिओ आता नाही. १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडमध्ये सुरू झालेला, २००४ मध्ये वॉर्नरनं घेतलेला, तीस वर्षांचा स्टुडिओ. आता पेटंटाची ती कल्पना ज्यांच्याकडं आहे त्यांच्याजवळ ती घडवणारी माणसं नाहीत. आणि ज्यांना ती येते ती माणसं उद्या दुसरीकडं कामाला लागली तर स्वतःचीच कल्पना तशीच वापरायला जातील आणि पेटंट आडवं येईल. मला हे गिळता येत नाही.

वास्तविक नकलेच्या बाबतीत मी कडक माणूस. सोलापुरात एखादं डिझाइन चाललं की पंधरा दिवसांत ते चार कारखान्यांत दिसतं. माझी डिझाइनं अशी उचलली गेली आहेत. एकदा मी केलेलं कमळ बाजारात दुसऱ्याच लेबलखाली बघितलं, कोपऱ्यातल्या पाकळीतली माझी चूकसुद्धा जशीच्या तशी. त्या रात्री जेवलो नव्हतो. पेटंट पाहिजे, कायदा पाहिजे, हे मीच सगळ्यांना सांगत फिरत होतो.

पण नायनांच्या मोराचं काय झालं ते बघा. नायना ज्या कारखान्यात होते तो २००३ मध्ये बंद झाला. नाव लिहीत नाही. सकाळी कामाला गेले तर फाटकाला कुलूप. त्यांच्यासोबत जॉबर (माग दुरुस्त करणारे), कांड्या भरणाऱ्या बायका, सगळे बाहेर उन्हात उभे. दोन महिन्यांनी माग किलोवर भंगारात गेले. जकार्डची कार्डं रद्दीत. वीस वर्षांची डिझाइनं, ओवलेल्या कार्डांच्या माळाच्या माळा, टेम्पोत टाकून नेल्या. नायनांनी रद्दीवाल्याला पैसे देऊन त्यातली एक माळ परत आणली, मोराची. ती अजून त्यांच्या खाटेखाली आहे, जुन्या चादरीत बांधून.

तरी मोर मेला नाही. कारण कारखाना चालू असतानाच तीन जणांनी तो चोरला होता. नायना तेव्हा चिडचिड करायचे, मालकाकडं तक्रारी न्यायचे. आज पूर्व भागात एका दुकानात गेलो तर तो मोर टांगलेला दिसतो. मान जरा जाड झालीय, पिसाऱ्यातले डोळे कमी केलेत, कारण कुणाला तरी कार्डं वाचवायची होती. पण मोर नायनांचाच. त्यांनाही लांबून ओळखू येतो.

'क्लॉ'चंही तसंच. तो गेम १९९७ चा. त्याचे चाहते अजून त्याच्या नव्या पातळ्या बनवतात, आणि कुणीतरी त्याचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, पहिल्यापासून पुन्हा लिहून काढलं म्हणजे आजच्या मशीनवर चालावं. पण मोनोलिथचाच २००० सालचा 'नो वन लिव्ज फॉरएव्हर' तुम्हाला आज कुठल्याच दुकानात विकत मिळणार नाही. हक्क इतक्या कंपन्यांत गुंतलेत की २०१४ मध्ये नाइटडाइव्ह या स्टुडिओनं तो परत आणायची खटपट केली आणि हात टेकले. ज्याला कुलूप लावलं तो अडकला. जो लोकांच्या हातात सुटला तो जगला. माझं कमळ ज्यानं उचललं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण कारखाना बंद पडल्यावर काय उरतं, हा हिशोब मी आधी मांडलाच नव्हता.

मला त्या माणसांचंही वाटतं. एकत्र काम केलेल्या माणसांना एकमेकांचा हात कळलेला असतो. नायना कार्ड पाडायचे तेव्हा त्यांना माहीत असायचं की हे कुठल्या मागावर चढणार आणि तिथला जॉबर काय सांभाळून घेईल. कारखाना बंद झाल्यावर ते दुसरीकडं लागले, पगारही मिळाला, पण मोरासारखं काही पुन्हा झालं नाही. तिथं त्यांना कुणी विचारलंच नाही. चार वर्षांनी काम सोडून दिलं.

शिवरात्रीच्या रात्री जागरणाला बसलो होतो तेव्हा नायनांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आधी सांगितलं होतं का त्यांना?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"त्यांची कार्डं कुठं आहेत आता?"

"मालकाकडं. कुलपात."

"मग भंगारात नाही गेली ना," नायना म्हणाले आणि त्यांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं. "कुलूप कधीतरी निघतं."

मी वाद घातला नाही. ज्यानं टेम्पो जाताना बघितलाय त्याच्याशी काय वाद घालायचा? पण मला तेवढ्यावर समाधान मानता येत नाही. २०३६ मध्ये मी अठ्ठेचाळीस वर्षांचा असेन, आणि ते ऑर्क घडवणारे तोवर कुठं कुठं गेलेले असतील.

दुसऱ्या दिवशी खाटेखालची माळ बाहेर काढली. एकूण ६४० कार्डं. कडेची काही वाळवीनं खाल्लीत, पण बहुतेक धड आहेत. रोज रात्री जेवण झालं की नायना एकेक कार्ड उजेडावर धरतात, भोकं वाचतात, आणि मी संगणकावर चौकोन भरतो. नजर कमी झालीय, म्हणून मधेच बोट फिरवून खात्री करून घेतात. फाइल पूर्ण झाली की पेनड्राइव्हवर घालून ज्याला पाहिजे त्याला द्यायची, असं आमचं ठरलंय. लेबल कुणाचं का लागेना, फाइलच्या नावात नायनांचं नाव राहील.

काल रात्रीपर्यंत २१२ झाली. पाय आलेत, पोट आलंय. पिसारा पुढच्या आठवड्यात सुरू होईल.