‘नाही ना?’

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी युवा कार्यकर्त्यांचं आत्महत्या रोखण्याबद्दलचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेत होते. बावीस जण होते. पहिल्या दिवशीचा दीड तास दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळातच गेला. आम्हाला पाठवणाऱ्या वरिष्ठांचा आग्रह असतो, ‘एका दिवसात उरका, सकारात्मक विचारांवर बोला.’ मला त्याचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना समोरासमोर बसवते आणि एकच वाक्य मोठ्याने म्हणायला लावते : ‘तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’ बाहेरच्याला वाटेल, यात काय शिकवायचं? पण ते तोंडातून निघत नाही. ‘ताई, विचारलं तर उलट डोक्यात भरेल की.’ तसं होत नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही, हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे. तरी जीभ अडते. मग पोरं पळवाट काढतात : ‘काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना?’ ‘जिवाचं बरंवाईट करणार नाहीस ना?’

या ‘नाही ना’वर मी अर्धा तास घालवते. ते शेपूट लागलं की उत्तर विचारणाऱ्यानेच देऊन टाकलेलं असतं. समोरच्याने फक्त मान हलवायची.

या वेळी मागचा एक जण उभा राहिला. पोलीस भरतीच्या मुलांबरोबर तो काम करतो, पहाटे मैदानावर त्यांचं सोळाशे मीटरचं टायमिंग लावतो. ‘ताई, मी असंच विचारलंय. आठ दिवस झाले.’ त्या मुलाचे शारीरिक चाचणीत ५० पैकी चांगले मार्क होते, लेखीत गेला. दुसऱ्यांदा. ‘तो नाही म्हणाला, अन् मला हायसं वाटलं.’

बाकीच्यांना सहकाऱ्याकडे सोपवून आम्ही व्हरांड्यात बसलो. फोन त्यानेच लावला. ओळख त्याची होती. स्पीकर मी लावू दिला नाही. त्याने सरळ विचारलं, ‘का’ लावून. मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मला एकच बाजू ऐकू येत होती : ‘कधीपासून? ... आत्ता कुठंयस? ... घरी कोण आहे? ... फवारणीचं औषध कुठं असतं?’

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. पलीकडून ‘कुणाला सांगू नको’ आलं असणार. तो म्हणाला, ‘हे मी एकटा धरून ठेवणार नाही. कुणाला सांगायचं ते तू ठरव, पण आजच सांगू.’ मुलाने थोरल्या बहिणीचं नाव घेतलं. तासाभरात औषधाचे डबे घरातून हलले. बहिणीला आम्ही टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना हा कार्यकर्ता बरोबर होता. मुलाचे उपचार चालू आहेत. अधूनमधून मैदानावर येतो.

मला त्या कार्यकर्त्याचा फार अभिमान वाटतो. ‘आज सांगू, पण तू ठरव’ हे मी शिकवलं नव्हतं. गुपिताचं वचन देऊ नका, एवढंच सांगितलं होतं.

झोप मात्र नीट लागत नाही. आधी काही तुकड्या मी एका दिवसात उरकल्या होत्या, सांगितलं तसं. दुसरा दिवसच नसल्यामुळे त्यांच्यापर्यंत हा प्रश्न पोचलाच नाही. त्यातले किती जण आजही ‘नाही ना’ विचारत असतील? जुने हजेरीपट काढलेत. रोज संध्याकाळी पाच-सहा फोन करते आहे.